वाचकांचे प्रश्न : गाडीत जास्तीचं पेट्रोल ठेवायचं, पण कसं?

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, रस्त्यात मध्येच पेट्रोल संपलं तर काय करायचं आणि त्यासाठी गाडीत काही ठेवून देता येतं का. म्हणून टायर, क्लच, एसीवाले प्रश्न पुढच्या अंकात घेते, हा अंक पूर्ण इंधनालाच.

प्रश्न : ताई, कामामुळे मला रात्री-अपरात्री एकटीने लांब गाडी न्यावी लागते आणि मध्ये बराच पट्टा असा आहे की पंपच नाही. म्हणून पाण्याच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून डिकीत ठेवते. नवरा म्हणतो तू बॉम्ब घेऊन फिरतेस. वर्षानुवर्षं टिकणारं आणि पेट न घेणारं इमर्जन्सी पेट्रोल मिळतं असं ऐकलंय, ते घेऊ का?

आधी तो कॅन आजच्या आज डिकीतून बाहेर काढा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. पेट्रोल ताजं आणि स्वच्छ असेल तर गाडी उघड्यावर उभी करून, इंजिन थंड असताना टाकीत ओतून टाका.

आता का ते सांगते. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि ती वाफ सुटायला पेट्रोलला ऊन लागत नाही की काही नाही. द्रव किती तापल्यावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ सोडतो त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात, आणि पेट्रोलचा तो शून्याखाली साधारण ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे बर्फ पडत असताना सुद्धा पेट्रोल पेटायला तयारच असतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही, खाली बसते, डिकीच्या तळाशी, सीटखाली, आणि तिथेच साचून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आतबाहेर गेलं की ठिणगी पुरते. हिशोब मांडून बघा, साध्या कारच्या आतली जागा साधारण तीन घनमीटर धरली तर ती अख्खी पेटाऊ करायला जेमतेम पाव लिटर पेट्रोलची वाफ पुरते. तुमच्या कॅनमध्ये पाच लिटर आहे. आणि पाण्याच्या कॅनचं झाकण पाण्यासाठी बनवलेलं असतं, वाफेचा दाब धरायला नाही. उन्हात डिकी तापली की ते झाकण श्वास घ्यायला लागतं, गाडीत बसल्यावर जो वास येतो तो तोच. काही बाटल्यांचं प्लास्टिक पेट्रोलने मऊ पडतं किंवा चिरतं ते वेगळंच. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला अजिबात वाढवून सांगितल्यासारखं वाटत नाही.

आता ते इमर्जन्सी फ्युएल. मिळतं, काही देशांत बाटलीत विकलं जातं. त्यात पेट्रोलमधले हलके, पटकन उडून जाणारे घटक नसतात, जड घटक असतात, त्यामुळे फ्लॅश पॉइंट पेट्रोलपेक्षा खूप वर जातो आणि उडणारे घटकच नसल्याने बाटली वर्षानुवर्षं टिकते. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण जो गुण डिकीत बरा तोच इंजिनात आडवा येतो. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगला पेटवायला वाफच लागते, थंड इंजिनात हे जड इंधन वाफ होत नाही आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणून अशा इंधनाचा भरवसा गरम इंजिनावर आणि टाकीत उरलेल्या थोड्याफार खऱ्या पेट्रोलवर असतो. म्हणजे पेट्रोल संपल्या संपल्या, इंजिन गरम असतानाच ओतायचं, सुरू करायचं आणि इकडेतिकडे न थांबता सरळ पंप गाठायचा. रात्री गाडी बंद पडली, तुम्ही दोन तास मदतीची वाट बघितली, इंजिन गार झालं आणि मग बाटली आठवली तर तिचा उपयोग फार कमी. शिवाय ऑक्टेनचा, म्हणजे इंधन इंजिनात वेळेआधी आपोआप न पेटण्याच्या मापाचा मामला आहे, सरळ साखळीचे रेणू जितके जड तितका त्यांचा ऑक्टेन खाली जातो, हेप्टेनचा शून्य धरलेला आहे आणि त्याच्यापुढचे शून्याच्याही खाली जातात, म्हणून बनवणाऱ्याला निवडून निवडून घटक घ्यावे लागतात, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं.

अजून एक गोष्ट बाटलीवर ठळक लिहिलेली नसते. समजा फ्लॅश पॉइंट ४० अंश आहे. कडक उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग सहज ५० अंशाच्या पुढे जातो. मग सांडलेलं ते इंधन आणि पेट्रोल यातला फरक तेवढ्यापुरता बराच कमी झाला ना. फडक्यात मुरलेलं असं इंधन तर त्याहून कमी तापमानालाही वातीसारखं पेट घेतं. म्हणजे पेट्रोलपेक्षा सुरक्षित, हो. पेट न घेणारं, नाही. घ्यायचंच असेल तर लेबलवर फ्लॅश पॉइंटचा आकडा आणि तुमच्या इंजिनाला चालतं का हे बघून घ्या, आकडाच दिला नसेल तर घेऊ नका.

माझं स्पष्ट मत असं की तुमच्याकडे सगळ्यात सुरक्षित कॅन आधीपासूनच आहे, गाडीची स्वतःची टाकी. ती केबिनच्या बाहेर असते, तिची वाफ कोळशाच्या डब्यात शोषली जाते, गाडी उलटली तर इंधन बाहेर येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह असतो, धडकेत ती दबू नये याचा विचार करून ती बसवलेली असते. एवढं सगळं तुम्ही विकत आणलेल्या कुठल्याही कॅनमध्ये नाही. त्यामुळे त्या पट्ट्याच्या आधीच्या शेवटच्या पंपावर टाकी फुल, मग गेजवर अर्धी दिसत असली तरी फुल. आणि पट्टाच इतका मोठा असेल की फुल टाकीही पुरत नाही, तर पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन फक्त त्या फेरीपुरता घ्या, आणि टाकीत पाच लिटरची जागा झाली की पहिल्याच सुरक्षित थांब्यावर ओतून मोकळ्या व्हा. कॅनमधलं पेट्रोल शेवटपर्यंत जपून ठेवायची गरजच नाही, ते टाकीत गेलं तरी तुमच्याच कामाला येणार आहे.

प्रश्न : इतकं विज्ञान पुढे गेलं तर बाहेर न पेटणारं आणि इंजिनात मात्र नीट जळणारं इंधन अजून का बनलं नाही?

प्रयत्न झालेत, आणि मोठे झालेत. १ डिसेंबर १९८४ ला अमेरिकेत एडवर्ड्स इथे नासा आणि तिथल्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, एक आख्खं बोइंग ७२० विमान रिमोटने उडवून मुद्दाम जमिनीवर आदळवलं. त्याच्या इंधनात एफएम-९ नावाचं पॉलिमर मिसळलं होतं. कल्पना अशी की अपघातात टाकी फुटली की केरोसिनचं बारीक धुकं होतं आणि ते धुकं भडकतं, लांब साखळीचं पॉलिमर असलं की धुकं न होता मोठे थेंब होतील आणि आग पसरणार नाही. झालं उलट, विमान ठरल्याप्रमाणे सरळ न उतरता डावा पंख आधी टेकला, विमान तिरकं घसरलं, पंख फाडण्यासाठी जमिनीवर बसवलेले लोखंडी कटर इंजिनात आणि पंखात घुसले आणि प्रचंड आगीचा गोळा उठला, आग पूर्ण विझायला तासाहून जास्त लागला. पण मला त्या प्रयोगातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, त्या विमानाच्या प्रत्येक इंजिनाआधी एक यंत्र बसवावं लागलं होतं जे त्या पॉलिमरची साखळी पुन्हा तोडून टाकायचं. कारण इंजिनाला तेच धुकं हवं असतं जे अपघातात नको असतं. आपल्या डिकीतल्या बाटलीची अडचण अगदी हीच आहे.

त्यानंतरही काम चालू आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या संशोधकांनी असे लांब रेणू दाखवले जे पंपातून जाताना सुटे होतात आणि नंतर पुन्हा एकमेकांना धरतात, म्हणजे तुटून वाया जात नाहीत. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या गटाने आयनिक लिक्विडचं, म्हणजे द्रवरूप मिठाचं इंधन मांडलं जे लायटर धरला तरी पेटत नाही, विजेचा दाब दिला की जळतं आणि दाब काढला की विझतं. वाचून मलाही खूप आनंद झाला होता, कारण पहिल्यांदाच "जळायचं कधी" हे तापमानाच्या हातातून काढून स्विचच्या हातात द्यायचा विचार झाला. पण ते प्रयोगशाळेतलं आहे आणि आजच्या गाडीच्या इंजिनात ओतायची वस्तू नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर टाकी रिकामी ठेवू नका.

प्रश्न : घरी शेडमध्ये दोन वर्षांपूर्वीचं पेट्रोल एका कॅनमध्ये आहे. स्टॅबिलायझर टाकलेला होता. स्टॅबिलायझर टाकलं म्हणजे सुरक्षित ना?

नाही, इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. टिकणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. स्टॅबिलायझरने पेट्रोलचं हवेशी होणारं रासायनिक काम मंदावतं, म्हणजे चिकट गोंदासारखा थर कमी होतो, पण फ्लॅश पॉइंट होता तिथेच राहतो. लहान इंजिनांसाठी मिळणारं अल्किलेट पेट्रोलही तसंच, स्वच्छ आहे, वर्षानुवर्षं टिकतं, पण पेटतं साध्या पेट्रोलसारखंच.

दोन वर्षं जुन्या पेट्रोलचं काय करायचं तर गाडीत घालू नका. साधं पेट्रोल घट्ट बंद कॅनमध्ये, सावलीत, साधारण सहा महिने ते फार तर वर्षभर धरावं. झाकण वारंवार उघडलं की हलके घटक आधी जातात, आणि गाडी सुरू व्हायला नेमके तेच लागतात. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर धरतात आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. काचेच्या बरणीत थोडं घेऊन उजेडात धरा, उघड्यावर, आसपास आग नसताना. गडद पिवळं-तपकिरी झालं असेल, जुन्या रंगासारखा आंबूस वास येत असेल किंवा खाली थर दिसत असेल तर ते गेलं. गटारात किंवा मातीत ओतायचं नाही, घातक कचरा घेणारं केंद्र जिथे असेल तिथे द्यायचं.

सीएनजी किंवा एलपीजीवर चालवणाऱ्यांनी हे स्वतःलाही लावून घ्यावं. गॅसवर गाडी चालते म्हणून पेट्रोलच्या टाकीतलं चार-पाच लिटर तसंच महिनोन्महिने पडून राहतं आणि ज्या दिवशी गॅस संपतो त्या दिवशी ते जुनं पेट्रोल कामाला येत नाही. आठवड्यातून थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि भरताना थोडं थोडंच भरा.

प्रश्न : मग कॅन कुठला घ्यावा? मेटलचा की प्लास्टिकचा?

दोन्ही चालतात, फक्त पेट्रोलसाठी म्हणून बनवलेला आणि तसा मान्यतेचा शिक्का असलेला हवा. जगभर माल वाहतुकीसाठी जी यूएनची खूण वापरतात ती कॅनवर उठवलेली असते, ३एच१ म्हणजे प्लास्टिकचा जेरीकॅन आणि ३ए१ म्हणजे स्टीलचा, शेजारी तयार झाल्याचं वर्षही असतं. प्लास्टिकवाल्याचं ते वर्ष नक्की बघा, कारण त्या नियमांत माल वाहतुकीसाठी त्याची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षं धरतात. प्लास्टिक म्हातारं होतं, दिसायला चांगलं असलं तरी.

स्टीलचा जो चौकोनी २० लिटरचा कॅन आपण सैन्याच्या गाड्यांवर बघतो त्याचं डिझाइन १९३७ चं आहे, जर्मनीतलं, आणि मला ते आजही फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. तीन दांड्या, म्हणजे एकट्याने मधली धरायची, दोघांनी बाजूच्या, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन कॅन. झाकण खटक्याने बंद होणारं, वेगळं निघून हरवत नाही. आणि दांड्यांच्या खाली हवेचा कप्पा, ज्यामुळे पेट्रोल फुगलं तरी जागा राहते आणि भरलेला कॅनही पाण्यावर तरंगतो. ती फुगायची जागा तुम्हीही सोडायची आहे. पेट्रोल दर १० अंशांना साधारण एक टक्का फुगतं, सकाळी १५ अंशाला काठोकाठ भरलं आणि दुपारी ते ४५ ला गेलं तर तीन टक्के जास्त, ते कुठे जाणार. म्हणून कॅन ९५ टक्क्यांच्या वर भरायचा नाही.

तोंडाशी बारीक धातूची जाळी असलेला मिळाला तर तोच घ्या, बाहेरची ज्वाला आत शिरू नये म्हणून ती असते. ती जाळी ओतताना अडते म्हणून काही लोक काढून फेकतात, कृपा करून असं करू नका.

भरताना कॅन गाडीत ठेवून भरायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. गाडीतल्या कारपेटवर किंवा प्लास्टिकवर कॅन असला की पेट्रोल वाहताना तयार झालेली स्थिर वीज जमिनीत जात नाही आणि नॉझल आणि कॅनमध्ये ठिणगी उडू शकते. जमिनीवर ठेवा, नॉझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या, हळू भरा. न्यायचा असेल तेव्हा उभा, पट्ट्याने बांधून, आणि गाडीत सिगारेट तर लांबची गोष्ट, उन्हात गाडी लावून जेवायला सुद्धा जायचं नाही. आणि रिकामा कॅन निरुपद्रवी समजू नका, पूर्ण भरलेल्यात वाफेला जागा कमी असते आणि आतलं मिश्रण इतकं दाट असतं की पेटायला हवाच पुरत नाही, जवळजवळ रिकाम्या, उघड्या राहिलेल्या कॅनमध्ये मात्र वाफ आणि हवा नेमक्या घातक प्रमाणात येऊ शकतात. किती लिटर नेता येतं, घरी किती ठेवता येतं, पंपवाला सुटं देतो का, हे प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत, ते तुमच्याकडचे विचारून घ्या.

प्रश्न : माझी डिझेल गाडी आहे. डिझेल पेटत नाही म्हणतात, मग कॅन ठेवायला हरकत नाही ना?

पेट्रोलच्या मानाने खूपच बरं. डिझेलचा फ्लॅश पॉइंट पेट्रोलपेक्षा खूप वर असतो, काही ठिकाणी किमान ५५ अंशांची अट असते, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला ते पेटाऊ वाफ सोडत नाही. तरी ते इंधनच आहे, तापलेल्या सायलेन्सरवर किंवा टर्बोवर सांडलं तर आग लागते, आणि डिकीत सांडलं तर वास महिनाभर जात नाही. कॅन वेगळाच हवा, पेट्रोलचा रिकामा कॅन धुऊन डिझेलला वापरायचा नाही, कारण आत राहिलेलं थोडंसं पेट्रोल सुद्धा डिझेलचा फ्लॅश पॉइंट धाडकन खाली आणतं.

पण डिझेलवाल्यांना मला खरं सांगायचंय ते दुसरंच, तुम्ही टाकी कोरडी होऊच देऊ नका. आजच्या कॉमन रेल, म्हणजे एका सामाईक नळीतून जास्त दाबाने सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या गाडीत हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, डिझेल संपलं की तो पंप कोरडा घासतो आणि त्यातून निघालेली धातूची भुकटी इंजेक्टरपर्यंत जाते, मग खर्च कुठल्या कुठे जातो. शिवाय लाइनमध्ये एअर धरते. पाच लिटर ओतले तरी एअर काढल्याशिवाय गाडी चालू होत नाही. काही गाड्यांना फिल्टरजवळ हाताने दाबायचा पंप असतो, तो कडक लागेपर्यंत दाबायचा, काहींना इग्निशन ऑन-ऑफ करून इलेक्ट्रिक पंपाने एअर निघते, आणि काहींना कॉम्प्युटर लावल्याशिवाय निघतच नाही. तुमची कुठल्या प्रकारची हे मॅन्युअलमध्ये आत्ता घरी बसून बघा. थंड प्रदेशात जाणार असाल तर कॅनमधलं डिझेल तिथल्या हिवाळ्याचं हवं, उन्हाळ्याच्या डिझेलमधलं मेण गारठ्यात गोठतं आणि फिल्टर बंद करतं. आणि कॅनमध्ये पाणी जाऊ देऊ नका, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळसर चिकट गाळ होतो.

प्रश्न : पेट्रोल संपलं, मित्राने एक लिटर आणून ओतलं तरी गाडी सुरू झाली नाही, बॅटरीच बसली. असं का?

एक लिटर कमी पडलं असणार. टाकीचा तळ रुंद असतो, गाडी चढावर किंवा एका बाजूला कललेली असेल तर तेवढं पेट्रोल एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पंपापर्यंत पोचतच नाही. किमान तीन-चार लिटर, जमल्यास पाच. ओतल्यावर लगेच स्टार्टर मारत बसायचं नाही. चावी ऑन करा, मागून पंपाचा बारीक घूंऽऽ असा आवाज येईल, दोन-तीन सेकंदांनी थांबेल, मग ऑफ, परत ऑन, असं चार-पाच वेळा करा म्हणजे लाइनमध्ये पेट्रोल येईल. त्यानंतर स्टार्टर, एका वेळी दहा सेकंदांच्या आत, मध्ये थोडं थांबून. पेट्रोल संपत आलेली गाडी झटके देत पुढे रेटायची सवयही वाईट, टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळलं तर तोही तापून खराब होतो.

आणि नरसाळं! आजकाल बऱ्याच गाड्यांना पेट्रोल भरायच्या तोंडाला झाकण नसतं, आत स्प्रिंगची झडप असते जी फक्त योग्य मापाच्या नॉझलनेच उघडते. साधं नरसाळं घातलं की झडप उघडत नाही आणि सगळं पेट्रोल गाडीच्या बाजूवरून खाली. अशा गाडीबरोबर कंपनी एक प्लास्टिकचं लांब नरसाळं देते, बहुतेक स्टेपनीजवळ किंवा टूलकिटमध्ये, ते आहे का आजच शोधून ठेवा. झडप स्क्रू ड्रायव्हरने दाबून उघडू नका, परत नीट बसत नाही.

प्रश्न : अडचणीच्या वेळी पेट्रोल गाडीत रॉकेल किंवा थिनर घातलं तर चालेल का? आणि दुसऱ्या गाडीतून नळीने तोंडाने ओढून काढलं तर?

तिन्हीला नाही. रॉकेलचा ऑक्टेन फार कमी, इंजिन ठोकतं आणि थंड असेल तर सुरूही होत नाही. थिनर म्हणजे काय मिसळलंय याचा पत्ता नसलेला द्रव, रबराच्या नळ्या आणि सील खातो. चुकून घातलंच असेल तर चावी सुद्धा फिरवू नका, टाकी रिकामी करून घ्या. तोंडाने ओढणं सगळ्यात धोक्याचं, घोट पोटात गेला त्यापेक्षा दोन थेंब श्वासनळीत गेले तर फुफ्फुसाला जास्त इजा होते. असं कोणाला झालं तर उलटी करवू नका, उलटीत ते परत फुफ्फुसात जाऊ शकतं, सरळ दवाखान्यात न्या.

प्रश्न : स्कूटरच्या सीटखाली एक लिटरची बाटली ठेवते, एवढीशी तर आहे.

काढा. सीटखालची जागा इंजिनाच्या डोक्यावर असते, बंद असते आणि तापते. वर सांगितलेला पाव लिटरचा हिशोब अख्ख्या कारचा होता, तुमची जागा त्याच्या शंभराव्या भागाएवढीच. जुन्या मोटरसायकलींना रिझर्व्हचा कॉक होता, मुख्य पेट्रोल संपलं की तो फिरवायचा आणि पंप गाठायचा, वेगळी बाटली लागायचीच नाही, फार चांगली सोय होती ती. आता गेज आहे, तर गेजचा लाल भाग म्हणजेच रिझर्व्ह समजा आणि तिथे सुई जायच्या आधी भरा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीसाठी असा "कॅन" मिळतो का?

मिळतो, पण त्यातून किती मिळतं ते बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते, इंजिन त्यातला पाव ते एक तृतीयांश भागच वापरतं हे खरं, तरी पाच लिटर घेऊन माणूस साठ-सत्तर किलोमीटर जातो. दोन किलोवॉट-तासांचा पोर्टेबल बॅटरी बॉक्स वीसेक किलोचा असतो आणि त्याने चार्ज केल्यावर, वाटेतला तोटा धरून, दहा किलोमीटरच्या आसपास मिळतात, तेही तास-दीड तास थांबून. जवळ चार्जर असेल तर तेवढं पुरतं. एरवी गाडी उचलून नेणारी फ्लॅटबेड बोलवा, चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ देऊ नका, कारण चाकं फिरली की मोटरही फिरते आणि बऱ्याच गाड्यांत त्याने नुकसान होतं.

प्रश्न : बर्फात किंवा मोठ्या जाममध्ये रात्रभर अडकलो तर किती पेट्रोल लागेल?

नुसतं इंजिन चालू ठेवलं तर लहान-मध्यम गाडी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर खाते, हीटर, एसी आणि इंजिनाच्या मापाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे रात्रभर सलग चालू ठेवायला जास्तीत जास्त आठ-दहा लिटर. पण सलग ठेवूच नका, दर तासाला दहा-पंधरा मिनिटं चालवून गाडी गरम करा आणि बंद करा, मग दोन-अडीच लिटरात रात्र निघते आणि एवढं तर पाव टाकीतही असतंच. दर वेळी इंजिन लावायच्या आधी खाली उतरून मागे जा, सायलेन्सरचं तोंड बर्फाने किंवा चिखलाने बुजलंय का ते हाताने मोकळं करा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो आणि त्याला वास नसतो. काच बोटभर उघडी, तीही ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची, आणि इंजिन चालू असताना सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही, एकाने जागं राहायचं. ब्लँकेट आणि पाणी मात्र डिकीत कायम ठेवा.